नाडी घाटंजीत, नजर यवतमाळात

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी व केळापूर या तालुक्यांत पसरलेले टिपेश्वर अभयारण्य वाघांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका तरुण नर वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये एक पट्टा बांधण्यात आला. उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान ओळखणारे आणि ते बिनतारी लहरींनी कळविणारे यंत्र त्या पट्ट्यात होते. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हा वाघ टिपेश्वर सोडून निघाला. आदिलाबादचा मुलूख ओलांडीत, कपाशीच्या रानांतून आणि ओढ्यानाल्यांच्या आडोशाने वाट काढीत तो वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एप्रिल २०२० मध्ये पट्टा काढण्यात आला तेव्हा त्याची एकूण चाल सुमारे ३,००० किलोमीटर भरली होती. वाटेवरील बहुतेक गावांना त्याची चाहूलही लागली नाही. अभ्यासकांजवळ मात्र त्याच्या मुक्कामांच्या तासातासाच्या नोंदी होत्या.

हीच युक्ती आता माणसाच्या अंगावर आली आहे. मनगटावरील घड्याळ, छातीवर चिकटविलेली पट्टी, बोटाला लावावयाचा चिमटा किंवा तान्ह्या बाळाच्या हातातील कडे नाडी, श्वास, तापमान, रक्तातील प्राणवायू यांचे मोजमाप करते आणि मोजलेला आकडा दूर बसलेल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचविण्याची सोय त्यासोबत करता येते. शासकीय परिभाषेला ‘परिधेय उपकरण’ हा शब्द शोभून दिसेल. गावात त्याला पट्टा किंवा घड्याळ म्हणतात, आणि त्यात काही चुकते असे नाही.

वाघाची नोंद आणि रुग्णाची नोंद यांत मात्र मोठा फरक आहे. वाघाचा ठावठिकाणा अभ्यासकाला सकाळऐवजी सायंकाळी कळला तरी अभ्यासाचे सहसा काही बिघडत नाही. रुग्णाचा श्वास रात्री दोन वाजता मंदावला आणि तो आकडा सकाळी दहा वाजता वाचला गेला, तर त्या आकड्याचा उपयोग दप्तरापुरताच उरतो. म्हणून या विषयाचा विचार यंत्रापासून सुरू केला तरी यंत्रापाशी थांबविता येत नाही. आकडा कोणाच्या हाती पडतो आणि तो हात पुढे काय करू शकतो, हा यातील कळीचा प्रश्न होय.

तारेपासून लहरीपर्यंत

रुग्ण एका जागी आणि त्याच्या हृदयाचा आलेख दुसऱ्या जागी, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. हॉलंडमधील लायडेन येथे विलेम आइंटहोवेन यांनी हृदयाचा विद्युत् आलेख काढणारे यंत्र तयार केले. ते इतके अवजड होते की रुग्णालयात नेणे अशक्य. तेव्हा १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयातून दूरध्वनीच्या तारेवाटे रुग्णाच्या हृदयाची विद्युत् स्पंदने आपल्या प्रयोगशाळेत आणली. यंत्र रुग्णाकडे जाईना, म्हणून रुग्णाचा ठोका यंत्राकडे आला. या यंत्राच्या कार्याबद्दल आइंटहोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तार गळून पडावयास आणखी चार दशके लागली. अमेरिकेतील मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हृदयाची स्पंदने बिनतारी पाठविणारे यंत्र तयार केले. ते पाठीवर बांधावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते! धडधाकट माणसालाच पेलणाऱ्या या यंत्राचा आजाऱ्याला तेव्हा उपयोग नव्हता, हे उघड आहे. पुढे तेच यंत्र खिशात मावू लागले आणि आज ‘होल्टर’ हे नाव हृदयरोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्या अनेक कुटुंबांना ठाऊक झाले आहे. बोटाच्या चिमट्यामागील तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडले. करोनाच्या साथीत जगभर घरोघरी हे साधन पोहोचू लागले होते, त्याच दिवसांत, एप्रिल २०२० मध्ये, त्यांचे निधन झाले.

आकडा कसा तयार होतो

या चिमट्याची, म्हणजे पल्स ऑक्सिमीटरची, रीत समजून घेण्याजोगी आहे. चिमट्याच्या एका बाजूने दोन प्रकारचे प्रकाश बोटात सोडले जातात: एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायूने भरलेले रक्त लाल प्रकाश सहज पुढे जाऊ देते आणि अवरक्त प्रकाश अधिक शोषते. प्राणवायू कमी झालेल्या रक्ताचे नेमके उलट. पलीकडे किती प्रकाश पोहोचला यावरून प्राणवायूचे प्रमाण काढता येते. पण बोटात रक्ताबरोबर कातडी, मांस आणि हाडही असते, त्यांचे काय? आओयागी यांची खरी करामत येथे आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक प्रकाशाचा जो भाग कमीजास्त होतो तेवढाच त्यांनी हिशेबात धरला. कातडी आणि हाड धडधडत नाहीत. धमनीतील रक्त धडधडते. नाडी मोजणारी मनगटी घड्याळे बहुधा हिरवा प्रकाश वापरतात आणि कातडीवरून परतणाऱ्या उजेडातील चढउतार मोजतात. छातीवरील पट्टी प्रकाश वापरीत नाही. हृदयाच्या आकुंचनाबरोबर कातडीवर उमटणारा, एका व्होल्टच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपासचा, विद्युत् दाब ती टिपते.

येथे एक सावधगिरी नोंदविली पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दाखवून दिले की, प्रत्यक्षात प्राणवायू धोकादायक कमी असूनही ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवीत असल्याचे प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा घडले. त्वचेतील काळे रंगद्रव्य प्रकाश अडविते, हे त्याचे कारण मानले जाते. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या सावळ्या माणसांसाठी ही बाब गौण नाही. यंत्राची चाचणी कोणत्या वर्णाच्या बोटांवर झाली, हे खरेदी करणाऱ्याने विचारलेच पाहिजे.

दहा मीटर आणि चाळीस किलोमीटर

अंगावरील उपकरणात बसणारी विजेरी एखाद्या गोळीएवढी असते. तिच्या बळावर संदेश थेट यवतमाळपर्यंत पाठविणे परवडत नाही. म्हणून ही उपकरणे ‘ब्लूटूथ’ नावाची अल्प पल्ल्याची लहर वापरतात. तिची मजल साधारण दहा मीटर, म्हणजे खाटेपासून ओसरीपर्यंत. ओसरीवर कोणाचा तरी मोबाइल फोन असला पाहिजे. तो आकडा झेलतो आणि मोबाइलच्या मनोऱ्यामार्फत पुढे पाठवितो. तेथून संगणकाच्या भांडारात आणि भांडारातून डॉक्टरांच्या पडद्यावर, अशी ही वारी आहे.

वाघाडी नदीकाठच्या घाटंजी गावात ही साखळी जुळणे अवघड नाही. पण तालुका म्हणजे गाव नव्हे. रानाच्या कडेला कोलामांची पोडे आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. टेकडीच्या अलीकडे रेंज आणि पलीकडे नाही, हा अनुभव अशा वस्त्यांना नवा नाही. यावर ‘साठवा आणि पाठवा’ हा तोडगा आहे. रेंज नसताना आकडे फोनमध्ये साचतात आणि रेंज मिळताच एकदम निघतात. तोडगा चांगला, परंतु त्यात एक मेख आहे. रात्री नऊचा आकडा सकाळी सहाला पोहोचला आणि पडद्यावर पोहोचण्याचीच वेळ उमटली, तर डॉक्टरांची दिशाभूल होते. मोजल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ वेगवेगळी दाखविणारी व्यवस्थाच स्वीकारावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ठरलेल्या वेळी आकडा आलाच नाही तर तेही कोणाला तरी कळले पाहिजे. गप्प बसलेले यंत्र आणि सुखरूप असलेला रुग्ण पडद्यावर सारखेच दिसता कामा नयेत.

लहरीची मजल संपते तेथे रस्त्याची सुरू होते. पाड्यावरची आशा स्वयंसेविका, उपकेंद्रातील आरोग्य सेविका व समुदाय आरोग्य अधिकारी, पारव्यासारखे प्राथमिक आरोग्य केंद्र, घाटंजीचे ग्रामीण रुग्णालय आणि सुमारे ४० किलोमीटरवरील यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अशी ही उतरंड आहे. तेथेही भागले नाही तर नागपूर, आणखी सुमारे दीडशे किलोमीटर. आकडा हे सारे अंतर क्षणात कापतो. रुग्णाला ते गाडीनेच कापावे लागते.

आकड्यापुढे बसलेला माणूस

हृदय दुबळे झालेल्या रुग्णांवर दूरून देखरेख ठेवण्याचे दोन मोठे प्रयोग या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेतील प्रयोगात १,६५३ रुग्ण होते. त्यांतील निम्म्यांनी रोज दूरध्वनी करून आपले वजन व लक्षणे यंत्राला सांगावयाची आणि दवाखान्याने ती नंतर पाहावयाची, अशी योजना होती. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नेहमीच्या उपचारांहून काही अधिक लाभ नाही. पुष्कळांनी दूरध्वनी करणेच हळूहळू सोडून दिले. जर्मनीतील प्रयोगात दीड हजारांवर रुग्ण होते. निम्म्यांच्या घरी वजनकाटा, रक्तदाबमापक, हृदयालेखाचे यंत्र आणि ऑक्सिमीटर देण्यात आले, आणि बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील केंद्रात डॉक्टर व परिचारिका रात्रंदिवस त्या आकड्यांपुढे बसविण्यात आल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, वर्षाला दर १०० रुग्णांमागे नेहमीच्या उपचारांत ११ च्या वर मृत्यू झाले, तर देखरेखीखालील रुग्णांत ८ च्या आत. दोन्ही प्रयोगांत बरेच वेगळेपण होते, हे खरे. तरीही रात्री दोन वाजता दूरध्वनी उचलणारी परिचारिका हा त्यातला निर्णायक फरक असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या परिचारिकेपुढील काम सोपे नसते. समजा, एका तालुक्यात २०० रुग्णांना असे पट्टे दिले आणि प्रत्येक पट्टा चार दिवसांतून एकदाच विनाकारण ओरडला, तरी रोज ५० खोट्या हाका येतील. पट्टा सैल झाला, हात उशीखाली गेला, कापूस वेचताना घाम आला, एवढी कारणे त्यास पुरतात. पन्नास खोट्या हाकांनंतर एक्कावन्नावी खरी असली तरी ऐकणाऱ्याचे कान बधिर झालेले असतात. म्हणून धोक्याची मर्यादा सरसकट ठरवून चालत नाही. फुप्फुसाचा जुना विकार असलेल्या वृद्धाचा प्राणवायू एरवीही ९० च्या आसपास असू शकतो. तोच आकडा तरुण गर्भवतीचा असेल तर तातडीने धावले पाहिजे. मर्यादा रुग्णागणिक, त्याच्या डॉक्टरांनी लिहून द्यावयाची असते.

हृदयविकाराच्या झटक्याच्या बाबतीत महाराष्ट्राने यातली एक पायरी गाठलेली आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने मोबाइल फोनला जोडून चालणारे, हातात मावेल असे हृदयालेखाचे यंत्र विकसित केले. राज्याच्या आरोग्य विभागाच्या ‘स्टेमी’ प्रकल्पात निवडक जिल्ह्यांतील लहान रुग्णालयांत काढलेला आलेख दूरच्या तज्ज्ञांकडे जातो आणि काही मिनिटांत अभिप्राय परत येतो. येथे आलेख पाहणारा ठरलेला आहे, आणि त्याचे उत्तर ऐकून रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देणारा डॉक्टर रुग्णाच्या उशाशी आहे.

आपल्याकडील धडे

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य पथके राज्यभर घरोघरी तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन गेली. रक्तातील प्राणवायूचा आकडा हा शब्दप्रयोग त्या काही महिन्यांत खेडोपाडी रुळला. ती उपकरणे बिनतारी नव्हती. आकडा वहीत लिहिला जाई आणि तो पाहणारी व्यक्ती समोरच उभी असे.

त्याच्याही बरेच आधी, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजण्याचे एक साधन तयार केले होते. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी, एवढाच त्याचा पसारा. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. मिनिट संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर श्वास धोक्याच्या वेगाने चालला आहे. मोठी संख्या मोजता न येणाऱ्या दाईलाही ते जमले. याच संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. बाळाच्या घरी ठरावीक दिवशी जाऊन वजन आणि तापमान पाहणारी आजची आशा त्याच वाटेने चालते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ती ४२ दिवसांत सहा वेळा जाते आणि घरी जन्मलेल्याकडे सात वेळा.

दोन भेटींमधल्या रात्रींचे काय, हा प्रश्न उरतोच. कमी वजनाचे बाळ थंडीत गार पडते आणि आईला ते चटकन उमगत नाही. बंगळूरमध्ये यासाठी बाळाच्या मनगटात घालावयाचे एक कडे तयार झाले. बाळ उबदार असले की निळा दिवा लुकलुकतो, तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की नारिंगी दिवा लागतो आणि कडे वाजू लागते. त्याला ना फोन लागतो ना रेंज. त्याची हाक दूरच्या डॉक्टरांसाठी नसून खाटेवरच्या आईसाठी असते, आणि उपायही तिच्याजवळच असतो: बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घेणे. कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या आईला पडद्यावरील इंग्रजी अक्षरे कदाचित वाचता येणार नाहीत. दिव्याचा रंग कळतो. दूरस्थ निरीक्षणाच्या चर्चेत या बिनफोनच्या कड्याला आम्ही मानाचे स्थान देऊ.

क्षयरोगाच्या उपचारातही दूरून लक्ष ठेवण्याची एक युक्ती वापरली गेली. गोळी काढताच पाकिटावर एक दडलेला क्रमांक दिसे आणि रुग्णाने त्यावर मिस्ड कॉल द्यावयाचा असे. खर्च नाही, यंत्र नाही. परंतु चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथे लघवीच्या तपासणीशी ताडून पाहता, गोळी घेतलेल्या अनेकांनी फोन केलेला नव्हता आणि फोन आलेल्या काहींनी गोळी घेतलेली नव्हती.

फवारणीचे दिवस

घाटंजी हा कपाशीचा तालुका. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या आठवणी अजून बुजलेल्या नाहीत. अशा रुग्णांसाठी पट्टा उपयोगी पडेल काय, असा विचार सहज मनात येतो. उत्तर सावधपणे द्यावे लागेल. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत घाम, लाळ, उलटी ही पहिली लक्षणे ओसरल्यावर, एक ते चार दिवसांत, श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. अशा वेळी ऑक्सिमीटरचा आकडा बराच वेळ ठीक राहतो आणि घसरतो तो उशिरा. त्याआधीची खूण साधी आहे: रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही. ही खूण कोणतेही घड्याळ टिपत नाही; घरच्या माणसाला सांगून ठेवली तर तो टिपतो. म्हणून विषबाधेचा रुग्ण रुग्णालयातच निरीक्षणाखाली राहावा, आणि पट्ट्याच्या भरवशावर त्याला लवकर घरी आणू नये.

माहितीच्या गोपनीयतेबद्दल थोडे लिहिले पाहिजे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण खेड्यात फोन बहुधा घरात एकच असतो आणि तो मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात असतो. सुनेच्या गरोदरपणाचा किंवा सासऱ्याच्या क्षयरोगाचा संदेश प्रथम कोण वाचील, हे उपकरण देतानाच त्या व्यक्तीला एकान्तात विचारून ठरवावे.

घरी मोजताना

ज्यांच्याकडे अशी साधने आली आहेत त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, नखांवरचा रंग काढावा, बोटे गार असल्यास चोळून ऊबदार करावीत आणि आकडा स्थिर होईपर्यंत हात हलवू नये. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी व खर्रा टाळावा. पाठ टेकून बसावे आणि दंडाचा पट्टा हृदयाच्या उंचीवर ठेवावा. आकड्याशेजारी वेळ लिहावी. डॉक्टरांनी आपल्यासाठी सांगितलेली मर्यादा आणि रात्री ज्यांना हाक मारावयाची त्यांचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा. आकडा ठीक दिसत असूनही रुग्णाला धाप लागली, छातीत दाटून आले, ओठ निळसर पडले, तो हाकेला नीट ओ देईना किंवा बाळ अंगावर पीत नसेल, तर आकड्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा विनामूल्य आहे. बोलताना गावाबरोबर पोडाचे किंवा तांड्याचे नाव सांगावे, आणि रस्ता दाखविण्यास एका माणसाने कंदील किंवा बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहावे.